गाडी उभी, गाणं बंद

ओरोसला जिल्हा न्यायालयाच्या बाहेर गाडीत बसलेला माणूस लांबूनच ओळखता येतो. सीट मागे कललेली, एक पाय दाराबाहेर, पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावलेला. आत ज्याची तारीख आहे तो हा नव्हे. हा त्याला घेऊन आलेला भाचा, जावई, शेजारी, नाहीतर भाड्याचा ड्रायव्हर. दावा बहुतेक सामायिक जमिनीचा, सात-बारावर डझनभर नावं, त्यातली निम्मी मुंबईत. पुकारा साडेअकराला होईल की साडेचारला, हे वकिलालाही ठाऊक नसतं. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला. पुढे ओरोसला सिंधुदुर्गनगरी वसली आणि जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय सगळं इथे आलं. दोडामार्गापासून वैभववाडीपर्यंतच्या आठ तालुक्यांची माणसं कागदासाठी इथेच येतात. या गावाचा मुख्य धंदा कोणता, असं कुणी विचारलं तर मी तरी ‘थांबणं’ असंच सांगेन.

त्या थांबण्यात सोबतीला गाडीतलं गाणं असतं. म्हणजे असायचं. मामांच्या तारखेला मी त्यांना घेऊन जातो, तेव्हाचा अनुभव सांगतो. इंजिन बंद केलं, चावी एक घर फिरवून ठेवली, रेडिओ लावला. दहा मिनिटं झाली आणि पडद्यावर सूचना आली, बॅटरी वाचवण्यासाठी ऑडिओ बंद होत आहे. झालाही. चावी काढून पुन्हा घातली, पुन्हा दहा मिनिटं. दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून दार उघडलं, तर दहा मिनिटंही पुरी होऊ दिली नाहीत. दार उघडलं म्हणजे मालक उतरून गेला, असा त्या यंत्राचा समज. कोकणात मे महिन्यात दार उघडून गाडीतच बसणारी माणसं असतात, हे ज्याने तो समज पक्का केला त्याच्या गावी नसावं.

हा ‘बॅटरी सेव्हर’ एकच एक गोष्ट नाही, इथूनच घोळाला सुरुवात होते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत बरीच वर्षं एक व्यवस्था आहे. इंजिन बंद केल्यावर रेडिओ आणि काचा दहा मिनिटांपर्यंत चालू राहतात, मात्र दार उघडलं की खेळ खलास. टोयोटाच्या बटणावर सुरू होणाऱ्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेत निराळा हिशेब दिलेला असतो. गिअर ‘पी’वर असताना नुसतं ‘ॲक्सेसरी’ चालू ठेवलं तर २० मिनिटांनी, आणि इग्निशन चालू ठेवून इंजिन बंद असेल तर तासाभराने, सगळंच आपोआप बंद. कुठे अर्धा तास मिळतो, कुठे तास. काही गाड्यांत सेटिंगमध्ये खोल शिरलं तर हा वेळ वाढवता येतो, बऱ्याचशांत ती सोयच नसते. एकाच मैदानात लावलेल्या चार गाड्या चार वेगवेगळ्या वेळी गप्प होतात. आणि पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायचा आपल्याकडे रिवाज नाही.

रेडिओ आणि बॅटरीचं भांडण तसं जुनं आहे. गाडीत दमदार बॅटरी आली तीच मुळात स्टार्टरसाठी. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल मारण्याचे दिवस संपत आले. १९३०मध्ये गॅल्विन बंधूंनी ‘मोटोरोला’ नावाने गाडीतला रेडिओ विकायला काढला. तो होता व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह तापवायलाच वीज लागायची, पुढे बॅटरीचा दाब वाढवायला वेगळा थरथरणारा डबाही आला. इंजिन बंद करून तो तासभर ऐकणं म्हणजे हँडलशी पुन्हा गाठ. १९५५मध्ये क्रायसलर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आणला आणि हे खादाड दिवस गेले. आपल्याकडे ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रेडिओ ही चैनच होती. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागे. कॅसेटचा जमाना आला तेव्हा मात्र कोकणातल्या रस्त्यांवर गाड्या बोलायला लागल्या. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ची कॅसेट न ऐकता कणकवलीहून सावंतवाडीपर्यंतचा प्रवास पुरा झाल्याचं माझ्या लहानपणी तरी मला आठवत नाही.

त्या काळी रेडिओ हा गाडीतला भाडेकरू होता. दुकानातून आणायचा, खाचेत बसवायचा, मागून दोन तारा जोडायच्या. पिवळी थेट बॅटरीची, म्हणजे स्टेशनं आणि घड्याळ लक्षात राहावं म्हणून. लाल चावीतून आलेली, चावी फिरली की त्याला जागं करायला. गाडीचा आणि त्याचा तेवढाच संबंध. बॉशने १९८६मध्ये ‘कॅन’ नावाची वायरिंगची पद्धत पुढे आणली. तिच्यामुळे गाडीतले सगळे भाग एकाच जोडीच्या तारांवरून एकमेकांशी बोलू लागले, आणि हळूहळू रेडिओसुद्धा घरचाच झाला. आता तो स्क्रीन आहे, मागचा कॅमेरा आहे, नकाशा आहे, एसीची बटणंही त्याच्यातच. त्याला कधी झोपवायचं हे ‘बॉडी कंट्रोल मोड्यूल’ नावाचा डबा ठरवतो, जो दिवे, काचा आणि कुलपंही सांभाळतो. भाडेकरू होता तेव्हा रात्रभर जागला तरी कुणी विचारत नसे. घरचा झाला आणि दहाच्या आत दिवे मालवायचा नियम लागू झाला.

आता जरा आकडे बघू, कारण या तक्रारीत दोन्ही बाजूंनी अंदाजपंचेच फार चालतं. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. जुना साधा रेडिओ कमी आवाजात एक अँपिअरच्या आसपास खातो. म्हणजे तासाला तीन टक्क्यांहूनही कमी. मोठ्या स्क्रीनच्या नव्या गाडीत मात्र रेडिओ एकटा जागत नाही, त्याच्यासोबत अर्धं खटलं जागं असतं. ते सगळं मिळून पाच अँपिअर धरलं, तर तासाला पाच अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा सातवा भाग. दहा मिनिटांत गेले जेमतेम अडीच टक्के. ते परत भरायला ओरोसहून कुडाळपर्यंतची फेरी पुरते. तुलनेला हेडलाईट घ्या. ५५ वॉटचे दोन दिवे, नऊ अँपिअर. ते विसरले तर चार तासांत बॅटरी आडवी.

पण अर्धी बॅटरी शिल्लक असली म्हणजे गाडी सुरू होईलच असं नाही, आणि इथेच यंत्राची बाजूही ऐकून घ्यावी लागते. स्टार्टर एकूण वीज फारच थोडी खातो, पण ती एकदम मागतो. दीड-दोन सेकंदांसाठी शंभर-दीडशे अँपिअर. नवी बॅटरी निम्मी उतरलेली असतानाही तेवढं देते. चार वर्षांची म्हातारी बॅटरी पाऊण भरलेली असूनही नुसतं ‘कट् कट्’ करते. शिवाय गाडीची बॅटरी जोरदार धक्का द्यायला बनवलेली असते, थेंब थेंब रिकामी व्हायला नाही. आतले शिशाचे पत्रे पातळ असतात. पूर्ण उतरवून तशीच दोन-चार दिवस ठेवली की पत्र्यांवर शिशाचं सल्फेट घट्ट बसतं आणि पुन्हा पुरं निघत नाही. म्हणून एकदा ‘पूर्ण बसलेली’ बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, असं जे कुठलाही वायरमन सांगतो ते खोटं नाही. नव्या बॅटरीला चार-पाच हजार मोजावे लागतात.

त्यात आमचा मुलूख बॅटरीला मानवणारा नव्हेच. उन्हाळ्याने तिचं आयुष्य घटतं. मालवणकडच्या गाडीचं बॉनेट उघडून बघा, टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढलेला असतो. त्या खारामुळे चार्जिंग नीट होत नाही आणि दोष रेडिओवर जातो. फेऱ्या छोट्या. घरातून बाजार, बाजारातून बँक, आणि बँकेतून घर. स्टार्टरने घेतलेलं अल्टरनेटर भरून काढतो न काढतो तोवर इंजिन बंद. आणि गणपतीत येणारे चाकरमानी! मुंबईहून रात्रभर गाडी हाणत येतात, ती खळ्यात लावतात आणि सात दिवस तिच्याकडे बघतही नाहीत. बघतात ती घरातली पोरं. त्यांचा खेळ चालतो गाडीत. एक दार अर्धवट लागतं, छतावरचा पाच वॉटचा दिवा जळत राहतो. पाच वॉट म्हणजे ०.४ अँपिअर, तीन दिवसांत ३० अँपिअर-तास. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या वाडीला ‘जरा धक्को मारा रे’ अशी हाक ऐकू येते. या दिव्याला वीस मिनिटांनी आपोआप मालवणारी व्यवस्था ज्याने काढली त्याला मी आमच्या वाडीतर्फे नारळ द्यायला तयार आहे.

पूर्वी उतारावर गाडी लावायची, हा कोकणी बॅटरी सेव्हर होता. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन लागलंच. ऑटोमॅटिक गाड्यांना हा इलाज चालत नाही. त्या ढकलून सुरू होत नाहीत, आणि बॅटरी पार बसली तर कित्येकींचा गिअर ‘पी’मधून बाहेरही येत नाही. रात्री अकरा वाजता आड गावात जंपर केबल घेऊन कोण येणार? तेव्हा गाडी बनवणाऱ्याने बेतानं घ्यावं, हे पटतं. गाडी सुरू झाली नाही तर लोक रेडिओला बोल लावत नाहीत, कंपनीला लावतात.

मग तक्रार कशाची? तक्रार घड्याळाची आहे. बॅटरी किती उरलीय हे न बघता हे यंत्र नुसती मिनिटं मोजतं. कालच बसवलेली बॅटरी असो की चार वर्षं झिजलेली, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. दुसरं म्हणजे विसरलेला दिवा आणि मुद्दाम लावलेलं गाणं यांत त्याला फरक कळत नाही. दिव्याखाली कुणी नसतं, म्हणून तो मालवायचा. गाण्यासमोर माणूस बसलेला असतो.

गाडीला हे कळत नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. थांबलेल्या बॅटरीचा दाब मोजला की तिची अवस्था कळते. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली गेली की सावध व्हायचं. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा दोन-तीनशे रुपयांचा काटा हे दाखवतो. बऱ्याच नव्या गाड्यांच्या ऋण टर्मिनलवर तर यासाठी वेगळा सेन्सरच बसवलेला असतो. माणसाचंही तसंच. १ जुलै २०१९पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना पट्ट्याची आठवण करून देणारी शिट्टी सक्तीची झाली. त्यासाठी शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारी सोय असते. तिथे नुसती कलिंगडाची पिशवी ठेवली तरी गाडी पट्टा लाव म्हणून कोकलते. कलिंगड बसलेलं जिला कळतं तिला जिवंत मामा बसलेले कळू नयेत?

याहून बोचणारी गोष्ट डॅशकॅमची. गाडी उभी असताना चित्रण चालू राहावं म्हणून डॅशकॅमला तारेचा एक छोटा संच मिळतो, साध्या मोबाईल चार्जरएवढा. त्यात बहुधा खटका असतो, बॅटरी किती व्होल्टवर आली की कॅमेरा बंद व्हावा हे आपण ठरवायचं. ११.८, १२, १२.४, ज्याची जशी बॅटरी. गाडीच्या किमतीपुढे चिल्लर म्हणावी अशा वस्तूत जी अक्कल आहे, ती दहा-बारा लाखांच्या गाडीत घालायला अडचण तंत्राची असेल असं मला वाटत नाही. घड्याळ लावणं स्वस्त आणि निर्धोक, एवढंच. आणि शोरूममध्ये गाडी बघताना बंद इंजिनावर गाणं किती वेळ चालतं हे कुणी विचारत नाही. सनरूफ विचारतात.

या वाचवण्याचा खरा खर्च बघायचा तर न्यायालयाबाहेरच्या रांगेतून दुपारी एक चक्कर मारा. रेडिओ बंद पडतो म्हणून लोक इंजिनच चालू ठेवतात. आता चालू आहेच तर एसी पण. उभ्या गाडीचं लहान पेट्रोल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर जाळतं. म्हणजे तीन तासांच्या तारखेला दीड ते तीन लिटर, का तर पाच-दहा रुपयांचीही नसेल एवढी वीज बॅटरीतून जाऊ नये म्हणून. पेट्रोलियम संवर्धनवाल्यांच्या पाट्या सिग्नलला इंजिन बंद करा म्हणून वर्षानुवर्षं सांगत आल्या, आणि गाडीच इथे चालू ठेवायला शिकवते. बंद शेडमध्ये तर हे जिवावर बेतू शकतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

दुसरा इलाज गॅरेजमधला. स्क्रीनवाल्या नव्या गाड्यांना तो लागू नाही, पण खाचेत बसवलेला बाहेरचा सेट असेल तर आहे. माझ्या जुन्या गाडीला तो करून घेतला तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. वायरमनने सेट खाचेतून ओढला, मागची तारांची वेणी बाहेर आली. चावीची लाल तार कापून बाजूला टेप गुंडाळली. सेटच्या लाल तारेचं टोक दातांनी सोललं, पिवळीला थोडी खरवडून त्यावर तीन पीळ दिले, काळी टेप मारली आणि सेट पुन्हा आत ढकलला. पाच मिनिटं लागली नाहीत. चावी खिशात असताना गाणं वाजू लागलं. म्हणाला, “लाल आणि पिवळी येक केलंय. आता तुमका व्हया तितक्या आयका. पण सकाळी गाडी चालू झाली नाय तर मगे माका सांगू नकात.” पंधरा दिवसांत त्याने सांगितल्याप्रमाणे झालंच. सेट बंद करायचा विसरलो, आवाज शून्यावर होता म्हणून लक्षात आलं नाही.

बॅटरी बसली की आणखी एक फजिती होते. वीज तुटल्यावर काही जुने सेट चोरीच्या भीतीने कुलूप लावून घेतात आणि ‘कोड’ मागतात. चार आकड्यांचा तो कोड ज्या कार्डावर होता ते कार्ड पहिल्या मालकाबरोबर गेलेलं असतं. बॅटरी नवी, गाडी चालू, आणि रेडिओ मुका. घड्याळही बारा वाजवून बसतं.

मोबाईलवर ऐका, म्हणाल. ऐकतो. पण फोनलाही त्याचा स्वतःचा बॅटरी सेव्हर आहे, तो पडद्याआडचं ॲप मारून टाकतो. ब्लूटूथचा छोटा स्पीकर आणला, तर तोही काही वेळ आवाज आला नाही की झोपतो. त्यामागे थोडाफार युरोपचाही हात असावा. २००८च्या नियम १२७५ने तिथे घरगुती उपकरणांना रिकामं जागं राहण्याची मर्यादा घातली. २०१०पासून साधारण एक वॉट, २०१३पासून अर्धा, आणि काम नसेल तर आपोआप निजायचं. जगभर विकायचा माल एकाच साच्यातला, त्यामुळे ब्रुसेल्समध्ये लागलेली शिस्त ओरोसच्या डॅशबोर्डवर येऊन पोचत असावी. त्या नियमाशी माझं भांडण नाही. करोडो घरांत रिकामे डबे जळत होते, ते थांबवायलाच हवे होते. मात्र कीर्तनकाराने निरूपणात जरा लांब विसावा घेतला आणि स्पीकर निजला, तर दोष कुणाला द्यायचा?

विजेच्या गाड्यांत हे दुखणं मिटेल असं वाटलं होतं. मिटलं नाही, उलट गमतीदार झालं. विजेच्या गाडीतही दिवे, कुलपं आणि रेडिओ चालवायला १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते, बऱ्याचदा तीच जुनी शिशाची. खाली ३० किलोवॉट-तासांची मोठी बॅटरी निजलेली. स्क्रीनसकट सगळं ५० वॉट खातं धरलं तर ती गाणं ६०० तास, म्हणजे २५ दिवस वाजवेल. पण गाडी ‘रेडी’ नसेल तर मोठीचं दार बंद असतं आणि रेडिओ धाकटीच्या जिवावर चालतो. म्हणून तिथेही घड्याळ. तिथे निदान सोपी वाट आहे. गाडी ‘रेडी’वर ठेवली की मोठी धाकटीला भरवत राहते. धूर नाही, घरघर नाही. त्या गाडीवाल्याला न्यायालयाबाहेर शिष्टासारखं एसीत बसलेलं बघून बाकीचे जळतात, ते साहजिक आहे.

ओरोसला थांबायची दुसरी जागा म्हणजे सिंधुदुर्ग स्टेशन. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात. त्या उशिरा आल्या की पाहुण्याला न्यायला आलेले लोक अंधारात, पावसात, काचा चढवून बसतात. काचांवर वाफ धरते. तिथे रेडिओपेक्षा पंखा महत्त्वाचा. तोही पाच-सहा अँपिअर खातो, आणि त्याला कुणी दहा मिनिटांचं घड्याळ लावत नाही, कारण तो बहुतेक गाड्यांत पूर्ण इग्निशनवरच चालतो. मग माणूस नाइलाजाने पूर्ण इग्निशन लावून बसतो, म्हणजे इंजिनाचा संगणक आणि आणखी चार गोष्टी फुकट जाग्या. रेडिओचे चार थेंब वाचवायला बादली सांडायची.

मागच्या तारखेला आम्ही पाच गाड्या होतो, आंब्याच्या सावलीत. चार नव्या, एक जुनी व्हॅन. साडेअकरापर्यंत चारही गाड्या एकामागून एक मुक्या झाल्या. व्हॅनवाल्याने मात्र कधीकाळी लाल-पिवळी एक करून घेतली असावी. त्याचा रेडिओ चालूच. त्याने दोन्ही दारं उघडून आवाज वाढवला आणि आम्ही सगळे तिकडे सरकलो. कुणी डबा उघडला, कुणी वर्तमानपत्र पसरलं. रेडिओवर जुनी गाणी झाली, बातम्या झाल्या, शेतीचा कार्यक्रम झाला, काजूवरच्या किडीबद्दल कुणीतरी मन लावून सांगितलं. पाचच्या सुमारास त्याचे आजोबा बाहेर आले, पुढची तारीख कागदावर लिहून घेतलेली. व्हॅनवाल्याने सेल मारला. कट्. पुन्हा मारला. कट्, कट्.

तो काही बोलला नाही, आम्हीही नाही. दिवसभर फुकट ऐकलं होतं. चार गाड्यांचे चार चालक उतरले, आजोबांना आत बसवलं आणि मागून खांदा दिला. रस्त्याचा उतार जिथे सुरू होतो तिथे त्याने क्लच सोडला. व्हॅन दोनदा गचकली, काळा धूर ओकली आणि घरघरली. रेडिओ बंद करायचं त्याच्या लक्षातच नव्हतं. इंजिन लागताच रेडिओ मोठ्याने बोलायला लागला, आणि व्हॅन कसालच्या दिशेने जाईपर्यंत आम्हाला बाजारभाव ऐकू येत होते.